‘हद्दपार’ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर



मराठीत ‘हद्दपार’ हा शब्द अलीकडे फार सैल झाला आहे. निवडणुकीच्या सभेत दारिद्र्य हद्दपार होते, नगरपालिकेच्या ठरावात प्लॅस्टिक हद्दपार होते. दारिद्र्य आणि प्लॅस्टिक ह्यांची ह्याविषयी काही तक्रार असण्याचे कारण नाही, कारण दोन्ही आपापल्या जागी सुखरूप असतात. प्रश्न निर्माण होतो तो हा शब्द माणसाला लागतो तेव्हा. एखाद्या जिल्ह्याचा पोलीस अधिकारी कोणाला दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर घालवितो, तोही ‘हद्दपार’. मुंबईत पकडलेल्या परदेशी नागरिकाला त्याच्या देशात पाठवितात, तोही ‘हद्दपार’. आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय हातांत बेड्या घातलेल्या अवस्थेत अमृतसरला उतरविले गेले, त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते, तेही ‘हद्दपार’. तिन्ही प्रसंगी शब्द एक. परंतु कायद्याच्या दृष्टीने ह्या तीन वेगळ्या क्रिया आहेत. त्यांची साधने वेगळी, त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याची दारे वेगळी, आणि ज्याच्यावर त्या होतात त्या माणसाचा दर्जाही वेगळा. शब्दांची ही सरमिसळ केवळ भाषेचा आळस असती तर तिच्यासाठी व्याख्यानाची गरज नव्हती. पण राज्यकर्त्यांना ती वेळोवेळी उपयोगी पडलेली आहे.

‘हद्द’ म्हणजे सीमा आणि ‘तड’ म्हणजे काठ. हद्दीपलीकडे घातलेला तो हद्दपार, काठापलीकडे सोडलेला तो तडीपार. बोलण्यात आपण पोलिसांच्या कारवाईला तडीपारी म्हणतो; पोलिसांच्या मराठी आदेशावर मात्र ‘हद्दपार’ असेच छापलेले असते. कायद्याने भेद करावयाचा तर चार गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. पहिली, न्यायालयाने गुन्हा शाबीत धरून सुनावलेली दूरदेशीच्या कैदेची शिक्षा. जुन्या लोकांचे ‘काळे पाणी’. दुसरी, परक्या देशाच्या नागरिकाला सरकारने आपल्या भूमीवरून घालवून देणे. खरी हद्दपारी ती हीच. तिसरी, स्वतःच्याच देशातील नागरिकाला एका शहरातून वा जिल्ह्यातून काही मुदतीपुरते बाहेर काढणे, ती तडीपारी. चौथी, दुसऱ्या देशात गुन्हा केलेल्या माणसाला खटल्यासाठी त्या देशाच्या स्वाधीन करणे. ह्याला प्रत्यर्पण म्हणतात. चौघींचा परिणाम पाहू गेल्यास माणूस उचलला जातो आणि दुसरीकडे नेऊन ठेवला जातो, एवढेच दिसते. फरक पडतो तो उचलण्यापूर्वी कोणी काय सिद्ध करावयाचे आणि कोणासमोर, ह्यात.

हा फरक समजून घेण्यासाठी मंडाले पुरेसे आहे. लाला लजपतराय १९०७ च्या मे महिन्यात लाहोरला पकडले गेले आणि ब्रह्मदेशात मंडालेला पाठविले गेले. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकांचीही रवानगी मंडालेलाच झाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दोघेही ‘मंडालेला हद्दपार’ झालेले आहेत. परंतु टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला, ज्यूरी बसली, आरोप वाचला गेला, टिळकांनी स्वतः दिवसेंदिवस भाषण करून त्याला उत्तर दिले, आणि न्यायमूर्ती दावर ह्यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तो न्याय होता की नव्हता ह्याचा निकाल मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून दिला. पण न्यायाचे निदान सोंग तरी घ्यावे लागले. आणि शिक्षेला मुदत होती. लजपतरायांच्या बाबतीत ह्यापैकी काहीच घडले नाही. १८१८ चा तिसरा रेग्युलेशन नावाचा एक जुना कायदा होता. त्याखाली सरकारला वाटले की पुरे. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, मुदत नाही. नोव्हेंबरात सरकारलाच वाटले आणि त्यांना सोडण्यात आले. पुण्याचे नातू बंधू १८९७ साली असेच, मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न चालविता स्थानबद्ध झाले होते. टिळकांना शिक्षा झाली होती. लजपतरायांना आणि नातूंना झाली ती, सरकारच्या म्हणण्याप्रमाणे, शिक्षा नव्हतीच.

गोव्यात १९४६ साली हेच दुसऱ्या रीतीने दिसले. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जूनला मडगावला सभाबंदी मोडली, आणि पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडून गोव्याच्या सीमेबाहेर काढले. त्याच लढ्यातील डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्यांना मात्र लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकले. लोहिया पोर्तुगिजांच्या कायद्याने परके, म्हणून त्यांना घालवून देता येत होते. कुन्हा हे त्यांचे प्रजाजन. त्यांना घालवावयाचे तर कोठे घालविणार? म्हणून त्यांच्यासाठी खटला आणि शिक्षा. गोव्याच्या भूमीत जन्मलेला माणूस पोर्तुगालचा आणि गोव्याच्या मुक्तीसाठी आलेला भारतीय परका, हा त्या कायद्यातला विनोद बाजूला ठेवू. पण शब्द कसे वापरले जातात ते त्यातून स्वच्छ दिसते.

‘हद्दपारी ही शिक्षा नव्हे’ हे वाक्य कायद्यात रुजले ते मात्र अमेरिकेत, आणि ते चिनी मजुरांच्या पाठीवर रुजले. रेल्वेच्या बांधकामासाठी आणि खाणींसाठी ज्यांना हौसेने आणले होते, त्या मजुरांची गरज सरल्यावर १८९२ साली कायदा झाला की, प्रत्येक चिनी मजुराने वास्तव्याचा दाखला बाळगावा. नसेल त्याला देशाबाहेर घालवावे. दाखला काही कारणाने घेता आला नसेल तर आपण येथे पूर्वीपासून राहतो हे सिद्ध करण्याची मुभा होती. पण साक्षीदार किमान एक, विश्वासार्ह आणि गोरा असला पाहिजे. तिघा मजुरांचे अर्ज १८९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. त्यांतल्या एकाजवळ साक्षीदार होते, फक्त ते चिनी होते. बहुमताने निर्णय झाला की, हद्दपारीचा हुकूम ही गुन्ह्याची शिक्षा नाही, सबब ज्यूरी, खटला आणि क्रूर शिक्षेपासून संरक्षण ह्या हमींचा येथे संबंध येत नाही. तिघा न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदविले. घरदार, धंदा, ऋणानुबंध सोडून कायमचे जावयास लावणे ही शिक्षा नसेल तर शिक्षा कशास म्हणावयाचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बहुमताचा तो निर्णय आजही तेथे आधारभूत मानला जातो. अमृतसरला उतरलेल्यांच्या हातांतील बेड्या ह्या त्या अर्थाने शिक्षेच्या बेड्या नव्हत्या, एवढेच समाधान.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर परदेशी माणसाच्या बाबतीत हीच भूमिका स्वीकारली गेली. हान्स म्युलर नावाच्या पश्चिम जर्मन नागरिकाच्या खटल्यात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९४६ च्या विदेशी व्यक्तीविषयक कायद्याने परक्याला घालवून देण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. प्रत्यर्पणाचा मार्ग उपलब्ध असला तरी सरकारने तोच स्वीकारला पाहिजे असे नाही. प्रत्यर्पणात दंडाधिकारी पुरावा पाहतो, आणि ज्याच्याकडून माणूस घ्यावयाचा तो देश अटी घालतो. अबू सालेमला पोर्तुगालकडून २००५ साली घेताना फाशी द्यावयाची नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवावयाचे नाही, अशी हमी भारताला द्यावी लागली. बाँबस्फोटाच्या आरोपीला जे संरक्षण मिळाले, ते कागदपत्र नसलेल्या गवंड्याला मिळत नाही, ह्याचे कारण गवंड्याचा गुन्हा मोठा आहे हे नसून त्याच्याविरुद्ध वापरलेला शब्द वेगळा आहे हे होय. परक्यालाही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने आहे, पण देशात वास्तव्य करण्याचा अधिकार त्याला नाही, असे १९९१ साली न्यायालयाने स्पष्ट केले. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात तेरावे कलम आहे: कायदेशीर रीतीने राहणाऱ्या परक्याला घालविण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. भारत १९७९ मध्ये ह्या करारात सामील झाला तो ह्या कलमाबाबत आपला कायदा लागू करण्याचा अधिकार राखून. परक्यांच्या बाबतीत हात मोकळे ठेवण्याची ही दक्षता पक्षोपपक्षांची सरकारे आली आणि गेली तरी कायम राहिली आहे.

आता नागरिकाकडे येऊ. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशभर संचार करण्याचे आणि कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले. मग तडीपारीचे काय? हा प्रश्न घटना अमलात आल्यावर काही महिन्यांतच निघाला. मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे हे १९५० मध्ये हिंदुमहासभेचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या दंडाधिकाऱ्याने त्यांना तीन महिने दिल्लीत राहण्यास मनाई केली. खऱ्यांच्या राजकारणाविषयी समाजवाद्यांना कधीच ममत्व नव्हते. तथापि त्यांनी विचारलेला प्रश्न सर्वांचा होता. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते हरले. दोन वर्षांनी मुंबईतील गुरबचनसिंग ह्याचा अर्ज आला. त्याला मुंबई सोडून मूळ गावी, अमृतसरला, जाण्याचा हुकूम होता. त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी नव्हती. न्यायालयाने म्हटले की, ज्यांच्याविरुद्ध भीतीपोटी कोणी उघड साक्ष देत नाही अशा अपवादात्मक माणसांसाठी हा कायदा आहे. उलटतपासणी दिली तर त्याचा हेतूच विफल होईल. सबब निर्बंध वाजवी. ‘अपवादात्मक’ हा शब्द ध्यानात ठेवावा. सत्तर वर्षे तडीपारीचा सारा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे.

मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याचेच आजचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्यातील ५५ ते ५७ ही कलमे टोळ्या, धोकादायक व्यक्ती आणि शिक्षा होऊन गेलेले लोक ह्यांना दोन वर्षांपर्यंत बाहेर घालविण्याचा अधिकार देतात. लगतचे जिल्हेही त्यात घेता येतात. आयुक्तालय असलेल्या शहरांत हा हुकूम पोलीस उपायुक्त काढतो, म्हणजे तक्रार करणारे खाते आणि निवाडा करणारे खाते एकच. ५९ व्या कलमाखाली नोटीस मिळते, वकील देता येतो. पण नोटिशीत काय असते? आरोपांचे केवळ ‘सर्वसाधारण स्वरूप’. अमुक भागात तुम्ही लोकांना दमदाटी करता, असे म्हटले की झाले. कोणाला, कोणत्या दिवशी, हे सांगण्याचे बंधन नाही, कारण सांगितले तर साक्षीदार ओळखू येईल. सर्वोच्च न्यायालयानेही हेच मान्य केले. साक्षीदाराची भीती खोटी असते असे नव्हे. गल्लीतला दादा काय करू शकतो हे कामगार वस्तीत राहणाऱ्याला व्याख्यानातून शिकण्याची गरज नाही, आणि तडीपारीने वस्तीला चार दिवस मोकळा श्वास घेता आला अशी उदाहरणे आहेत. परंतु नाव नसलेल्या साक्षीदाराची सोय दादासाठी केली, ती दादापुरती राहत नाही. नागपूरकडच्या जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातील १९४६ चा गुंडविरोधी कायदा न्यायालयाने १९६० मध्ये रद्द केला, तो ह्याच कारणाने, की गुंड म्हणजे कोण ह्याची धड कसोटी त्यात नव्हती. दिल्लीत एका चित्रपटगृहाजवळ शीतपेये विकणारा एक गरीब माणूस होता. धंदा चालू ठेवावयाचा म्हणून तो पोलिसांचा ठरलेला साक्षीदार झाला आणि हजारो खटल्यांत त्याने पोलिसांना हवी तशी साक्ष दिली. पुढे त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्याविरुद्ध तडीपारीची कारवाई सुरू झाली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ती मोडून काढली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला म्हणून आपल्याला ठाऊक झाला.

अर्थशास्त्राच्या बाजूने ह्या कारवाईकडे क्वचितच पाहिले जाते. तडीपारी हा सरकारच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे. तुरुंगात ठेवलेल्या माणसाला सरकारला दोन वेळा भाकरी द्यावी लागते, भिंती बांधाव्या लागतात, पहारेकरी ठेवावे लागतात. तडीपार माणसाचा सगळा खर्च त्याच्यावर आणि त्याच्या बायकोमुलांवर. त्याचा रोजगार जातो, रेशनकार्ड ज्या दुकानाचे ते दुकान हद्दीत राहते, खोलीचे भाडे चालूच असते, आणि परगावी त्याला ओळखीशिवाय काम मिळत नाही. ओळख सांगितली तर मुळीच मिळत नाही. पैसेवाला दादा शेजारच्या जिल्ह्यात घर घेतो आणि दूरध्वनीवर धंदा चालवितो. हातावर पोट असणारा चोरून घरी येतो, पकडला जातो, आणि मग मात्र त्याला खराखुरा तुरुंगवास होतो. कारण तडीपारीचा हुकूम मोडणे हा रीतसर गुन्हा आहे. जालना जिल्ह्यातील एक हुकूम २०२२ च्या जानेवारीत रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, ह्या हुकुमाने माणूस आपल्या घरात कुटुंबासह राहण्यासही मुकतो, त्याची उपजीविका बुडू शकते, म्हणून तो विरळाच काढावा. आणि मुदत पूर्ण दोन वर्षांची दिली तर तिचीही कारणे नोंदवावी. १९५२ साली ‘अपवादात्मक’ म्हटले होते. सत्तर वर्षांनी तेच पुन्हा सांगावे लागले, ह्यावरून मधल्या काळात काय चालले असेल ते समजावे.

येथवर शब्द निदान कलमाच्या चौकटीत होते. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत चौकटच सोडली गेली. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांनी जाहीर केले की, मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या सर्वांना सक्तीने उठवून त्यांच्या मूळ गावी हद्दपार करण्यात येईल, अथवा मुंबईबाहेर नेण्यात येईल. त्यांच्याविरुद्ध तडीपारीच्या नोटिसा नव्हत्या, त्यांच्यावर कोणता आरोप नव्हता, आणि परके तर ते नव्हतेच. कोणी दुष्काळामुळे तामिळनाडूतून आलेला, कोणी मराठवाड्यातून. संगमनेरहून आला तोही ह्या हिशेबाने मुंबईत परदेशी! नागरिकाला ‘हद्दपार’ करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही. रस्ते मोकळे होणार म्हणून शहरातील सुखवस्तू वर्ग खूष होता.

२३ जुलैला झोपड्या पाडल्या गेल्या. सेलम जिल्ह्यातून वीस वर्षांपूर्वी मुंबईत आलेल्या एका कुटुंबाला बसमध्ये घालून सेलमकडे धाडले. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या, आणि तो कामाच्या शोधात मुंबईला परत येऊन पुन्हा पदपथावरच राहू लागला. प्रकरण उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. तोच हा ‘ओल्गा टेलिस’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेला खटला. तेथे राज्य सरकारने जे प्रतिज्ञापत्र केले ते मुळातून वाचावे असे आहे. त्याचा सारांश असा की, सरकारने कोणालाही हद्दपार करण्याचे योजिले नव्हते आणि कोणाला हद्दपार केलेही नाही. ज्यांनी आपल्या गावी परत जाण्याची इच्छा लेखी व्यक्त केली त्यांना जवळच्या रेल्वे स्थानकापर्यंत वाहनाची सोय, पुढचे भाडे आणि वाटखर्च देण्यात आला. सुमारे १०,००० झोपडीवासीयांपैकी १,०२४ जणांनी ह्या सवलतीचा लाभ घेतला.

दहा दिवसांत ‘हद्दपारी’ची ‘प्रवासाची सोय’ झाली. घोषणा करताना जो शब्द मतदारांना ऐकवावयाचा होता, तो न्यायालयात शपथेवर उच्चारण्याची सोय नव्हती, कारण तेथे लगेच कायदा कोणता असे विचारले गेले असते. घर पाडलेल्या, पावसात उभ्या असलेल्या, पोलिसांनी वेढलेल्या माणसाने गावी जाण्याची ‘लेखी इच्छा’ व्यक्त केली म्हणजे काय केले, हे समजावयास कायद्याची पदवी लागत नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांनी १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा अधिकार हा जीविताच्या अधिकारात अंतर्भूत आहे हे त्यातील तत्त्व सर्वत्र उद्धृत केले जाते. त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार वैध ठरविला, हे तितके उद्धृत होत नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या पाडू नयेत, आणि १९७६ च्या गणतीतील ओळखपत्रे असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यावी, एवढे पदरात पडले. गणतीनंतर आलेल्यांजवळ ते ओळखपत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. चिनी मजुरांचा दाखला येथे वेगळ्या रूपात भेटतो.

ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याबद्दल काय गृहीत धरावयाचे, हा खरोखर ह्या सगळ्या विषयाचा कणा आहे. चोरीचा आरोप असला तर चोरी सरकारने सिद्ध करावयाची. परंतु आपण परके नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करावे, असे १९४६ च्या कायद्याचे नववे कलम सांगत होते. आसामपुरता १९८३ साली हा भार उलट करण्यात आला होता. तो कायदा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९४६ चा कायदाही आता उरला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आप्रवासन व विदेशी व्यक्तींविषयीचा नवा कायदा आला आहे. सिद्ध करण्याचा भार मात्र जुन्याच खांद्यावर आहे. जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात न्यायालयाने त्याला थोडी मर्यादा घातली. कोणाच्याही दारावर थाप मारून ‘तू परका नाहीस हे दाखव’ असे म्हणता येणार नाही, संशयाला काहीतरी आधार सरकारजवळ आधी हवा, असे ते सांगणे आहे. पण संशय कशावरून घेतला जातो? मुंबईत तो भाषेवरून आणि धर्मावरून घेतला जातो. बांगलादेशातील मुसलमान आणि पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादेतील मुसलमान एकच भाषा बोलतात, आणि मुंबईत ते एकाच प्रकारची कामे करतात: जरीकाम, गवंडीकाम, भंगार.

जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी जरीकाम करणाऱ्या काही बंगाली कारागिरांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा गाडीने सीमेकडे नेले. हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. महाराष्ट्रात युतीचे आणि बंगालमध्ये डाव्यांचे सरकार होते. दोन्हीकडून पत्रके निघाली, विधिमंडळांत आणि संसदेत गदारोळ झाला. जमावाने पोलिसांच्या ताब्यातून माणसे सोडवावी हे कायद्याच्या राज्याला शोभणारे नाही, हे खरेच. पण ती माणसे आपल्याच जिल्ह्यातील आहेत, असे जे स्थानकावरील लोक सांगत होते, ते मुंबईत कोणी शांतपणे ऐकून घेण्याची व्यवस्था असती तर ती गाडी निघालीच नसती.

हद्दपारी ह्या शब्दाच्या नेमक्या अर्थात दोन राज्ये गृहीत आहेत. एक पाठविते, दुसरे ‘हा आमचा’ म्हणून स्वीकारते, प्रवासाचा कागद देते, आणि मग माणूस उघडपणे सीमेवरील नाक्यातून पार जातो. ज्याला दुसऱ्या देशाने आपला म्हटलेले नाही त्याला रात्री कुंपणापलीकडे सोडणे, ज्याला अलीकडे ‘पुशबॅक’ म्हणतात, ते ह्या अर्थाने हद्दपारी नव्हेच. हा शब्द कायद्यातला नसल्यामुळे त्याच्यावर अपील कोठे करावयाचे हेही कायद्यात सापडणार नाही. म्हणून मागणी करावयाची ती साधी आहे. परका ठरविल्याचा हुकूम लेखी असावा, त्यात कारणे असावीत, तो त्या माणसाला समजेल त्या भाषेत त्याच्या हातात पडावा, आणि न्यायालयात जाण्याइतके दिवस मध्ये जावेत. ह्यात घुसखोरांची तरफदारी नाही. परका माणूस परका ठरून परत जाण्यास ह्यापैकी कशाचाच अडथळा होत नाही. अडथळा होतो तो केवळ घाईला.

ती घाई २०२५ मध्ये पुन्हा दिसली. केंद्रीय गृहमंत्रालयाने मे महिन्यात राज्यांना संशयितांच्या पडताळणीसाठी तीस दिवसांची मुदत आखून दिली होती. जूनमध्ये मुंबई परिसरात काम करणारे पश्चिम बंगालमधील काही मजूर पकडले गेले, सीमेवर नेले गेले आणि बांगलादेशात ढकलले गेले. त्यांच्या घरच्यांनी गावातून कागद गोळा केले, पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केला, आणि ते भारतीयच असल्याचे मान्य करावे लागले. मग त्यांना आणण्यासाठी सीमा सुरक्षा दलाला पलीकडच्या दलाबरोबर ध्वजबैठक घ्यावी लागली. बाहेर घालविताना ज्या देशाला विचारले नव्हते, त्याच्याकडून आपली माणसे रीतसर मोजून परत घेण्यात आली.